किल्ला पडला तेव्हा वीर भुयारात होते

1972 च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉलमधल्या एका घराच्या तळघरात डेव्ह अर्नेसन हा विशीतला तरुण आपल्या मित्रांसाठी एक खेळ चालवत होता. प्रत्येक खेळाडूने एकेका वीराची भूमिका घ्यायची, तो काय करतो ते बोलून सांगायचं आणि पुढे काय होतं ते अर्नेसनने ठरवायचं. खेळातल्या काल्पनिक जहागिरीचं नाव ब्लॅकमूर. तिथलं गाव आणि किल्ला राखणं हे खेळाडूंच्या वीरांचं काम. शत्रू सीमेपलीकडे टपून बसलाय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण वीरांना किल्ल्याखालच्या भुयारांची चटक लागली होती. खाली उतरायचं, राक्षस मारायचे, खजिना वर आणायचा आणि पुन्हा खाली उतरायचं. ते असे भुयारात रमलेले असताना वर शत्रू चालून आला आणि ब्लॅकमूर पडलं.

अशा वेळी खेळ चालवणाऱ्याने काय करायचं? वीर वर येईपर्यंत शत्रूला वेशीबाहेर थोपवून धरता येतं. खेळाडू खूश राहतात, पण शत्रू म्हणजे नुसता देखावा होता, हे आज ना उद्या त्यांच्या लक्षात येतं. नाहीतर सगळ्यांना मारून टाकायचं आणि नवी पात्रं करायला सांगायचं. अर्नेसनने यातलं काहीच केलं नाही. त्याने किल्ला पडू दिला, वीरांना जिवंत ठेवलं आणि गाव राखता आलं नाही म्हणून त्यांची लॉख ग्लूमेन नावाच्या दूरच्या तळ्याकाठी हद्दपारी केली. खेळ तिथून पुढे सुरू झाला.

आज ज्यांना आपण टेबलटॉप रोल-प्लेइंग म्हणतो, त्या खेळांतली ही पहिली मोठी मोहीम, म्हणजे अनेक बैठकांमधून चालत राहिलेली गोष्ट. वाट खेळाडूंनी ठरवायची आणि पंचाने, म्हणजे गेम मास्टरने, त्यांच्या पावलांखाली आयत्या वेळी जमीन घालत जायचं, ही पद्धत अवघड आहे. मला ती या छंदातली सर्वांत सुंदर गोष्टही वाटते. ती शिकायला ब्लॅकमूरइतकं बोलकं प्रकरण दुसरं नाही, कारण तिथे कुणाहीपुढे तयार नमुना नव्हता. जे झालं ते गरजेपोटी झालं.

त्याआधीचं ब्राउनस्टाइन

मुळं तीन वर्षं मागे जातात. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत युद्धखेळ खेळणाऱ्यांचा एक गट होता. टेबलावर छोटे सैनिक मांडायचे, मोजपट्टीने चाल मोजायची, फासे टाकून हानी ठरवायची आणि नियमांवरून तासन् तास वाद घालायचे. या गटातल्या डेव्हिड वेस्लीला मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात 'स्ट्रॅटेगॉस' हे 1880 चं पुस्तक सापडलं. लेखक चार्ल्स टॉटन, अमेरिकी लष्करातला अधिकारी. त्यातला पंच फक्त नियम वाचून दाखवत नाही. खेळाडूने नियमांत नसलेलं काही करायचं म्हटलं, तरी ते होऊ द्यायचं आणि परिणाम स्वतःच्या बुद्धीने ठरवायचा, हे त्याचं काम. प्रशियाच्या सैन्यात हा वाद आधीच होऊन गेला होता. राइसविट्झचा 1824 चा युद्धखेळ तक्त्यांवर चालायचा. 1876 मध्ये फर्डी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने मांडलं की तक्ते बाजूला ठेवा आणि अनुभवी पंचाच्या निवाड्यावर विश्वास ठेवा.

1969 मध्ये वेस्लीने नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव मांडलं. दोन सैन्यं गावाकडे येताहेत. सेनापती दोघेच, मग उरलेल्यांनी काय करायचं? त्याने त्यांना गावातली माणसं करून टाकलं. कुणी नगराध्यक्ष, कुणी सावकार, कुणी विद्यापीठाचा प्रमुख. प्रत्येकाचा स्वार्थ वेगळा. एकेकाला बाजूच्या खोलीत बोलावून 'तू काय करतोस' असं विचारायचं, असा बेत होता. अपेक्षेपेक्षा जास्त माणसं आली. वेस्ली एकाशी आत बोलत असताना बाहेरच्यांनी कोपऱ्या-कोपऱ्यांत परस्पर कट शिजवायला सुरुवात केली. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं. द्वंद्वाचा नियमच नव्हता, तो तिथल्या तिथे करावा लागला. ज्या लढाईसाठी टेबल मांडलं होतं ती राहिली बाजूलाच.

खेळ फसला असं वेस्लीला वाटलं. खेळणारे मात्र विचारत होते, पुन्हा कधी?

पुढच्या दोन खेपांना त्याने लगाम आवळला आणि मजा ओसरली. चौथ्या खेपेला गाव बदललं. आता बनानिया नावाचा लॅटिन अमेरिकी हुकूमशाही देश होता आणि गुण मिळवायच्या वाटा प्रत्येकाला वेगळ्या दिल्या होत्या. अर्नेसनकडे क्रांतिकारकाची भूमिका आली. पत्रकं वाटण्याचे त्याला गुण होते. तो घरूनच सीआयएचं खोटं ओळखपत्र बनवून घेऊन आला. पकडला गेल्यावर त्याने ते काढून दाखवलं आणि आपण अमेरिकेचा हेर आहोत असं समोरच्यांच्या गळी उतरवलं. शेवटी देशाची तिजोरी घेऊन तो हेलिकॉप्टरमधून निसटला आणि जाता जाता उरलेली पत्रकं शहरावर उधळून गेला.

पुढे ब्लॅकमूर चालवणारा माणूस आधी असा खेळाडू होता, हे मला फार मोलाचं वाटतं. पंचाच्या मनात नसलेली गोष्ट करून पंचालाच चकित करण्यात काय आनंद असतो, तो त्याने स्वतः चाखला होता. ज्याने कधी खेळाडू म्हणून पंचाचा बेत उधळलेला नाही, त्याला पंच झाल्यावर स्वतःचा बेत उधळलेला सोसवत नाही.

पुलाखालचा पोकर

1970 मध्ये वेस्लीला लष्करी सेवेसाठी जावं लागलं. गटाच्या पत्रिकेत अर्नेसनने 17 एप्रिल 1971 च्या खेळाचं निमंत्रण छापलं. मध्ययुगातलं 'ब्राउनस्टाइन', दुपारी एकपासून रात्री बारापर्यंत, त्यात दंतकथांमधले प्राणी, आणि ट्रोल या दंतकथेतल्या राक्षसाच्या पुलाखाली पोकरचा डाव. त्या निमंत्रणात कथानकाचा एक शब्दही नाही. वेळ आहे, जागा आहे आणि जाऊन बसावंसं वाटेल असं एक ठिकाण आहे. कुणी राजकन्या पळवलेली नाही, कुणी भविष्यवाणी केलेली नाही. पुलाखाली पत्ते खेळायला कोण कोण येतं आणि हरल्यावर काय करतं, यातून जे घडेल तो खेळ.

टेबलावर किल्ल्याचं प्लास्टिकचं मॉडेल होतं. त्याखाली अर्नेसनने भुयारं आखली, आणि खेळाचं तोंड फिरलं ते इथे. वर गाव, सरदार, व्यापारी, शत्रूची हालचाल असं सगळं राजकारण मांडलेलं असताना खेळाडू खाली का गेले? नुसता खजिन्याचा लोभ म्हणून सोडून देता येत नाही.

भुयारात निवड स्वच्छ असते. डावीकडे जायचं की उजवीकडे, दार उघडायचं की कान लावायचा, दिवट्या संपत आल्या तर परतायचं की अजून एक खोली बघायची. प्रत्येक प्रश्न हाताच्या मापाचा असतो आणि उत्तर खेळाडूंचं असतं. उलट 'हे गाव आहे, काय हवं ते करा' असं म्हटलं की बहुतेक खेळाडू एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. त्यांच्याकडे कल्पना नसतात म्हणून असं होत नाही. ओढून बघायला एकही दोरी दिसत नाही म्हणून होतं. ब्राउनस्टाइनमध्ये ती दोरी म्हणजे प्रत्येकाचा लिहून दिलेला स्वार्थ होता. ब्लॅकमूरमध्ये ती नकाशात होती. खेळाडूंच्या कलाने चालणारी मोहीम फसते तेव्हा पंचाकडे स्वातंत्र्य द्यायची तयारी नव्हती, असं सहसा आढळत नाही. या दोन दोऱ्यांपैकी एकही नव्हती, असं आढळतं.

पात्रं मरायची आणि मेलेलं कुणाला आवडायचं नाही. लढाईसाठी सुरुवातीला जे नियम हाताशी होते, त्यांत एका घावात माणूस खलास. राक्षस एका फटक्यात मेला तर खेळाडूंची हरकत नव्हती, स्वतःचं पात्र मेलं की होती. अर्नेसनने अमेरिकी यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या लढायांसाठी नियम लिहिले होते. जहाज एका गोळ्यात बुडत नाही, ते मार सोसत सोसत जातं. तो हिशोब त्याने माणसांना लावला. आज जगभरच्या व्हिडिओ गेममध्ये दिसणारे हिट पॉइंट्स, म्हणजे पात्र किती मार सोसू शकतं त्याचा आकडा, असे आले. टेबलावर तक्रार झाली, पंचाने घरातलीच एक वस्तू काढून वापरली आणि ती टिकली.

सर फँग आणि बिशप

याहून नाजूक पेच एका खेळाडूमुळे आला. ब्लॅकमूरच्या बॅरनची भूमिका फँट आडनावाच्या खेळाडूकडे होती. खेळाच्या ओघात ते पात्र व्हॅम्पायर झालं, सर फँग. तरी ते त्याच खेळाडूच्या हातात राहिलं. व्हॅम्पायर दिवसेंदिवस बलाढ्य होत गेला आणि बाकीच्यांना जड जाऊ लागला.

असा प्रसंग पुढे असंख्य टेबलांवर आला आहे. एका खेळाडूने मोकळीक मनापासून वापरली आणि ती इतरांच्या गळ्याशी आली. बहुतेक पंच इथे वरून हात घालतात. पात्राची ताकद काढून घेतात किंवा 'हे पात्र आता माझं' म्हणून ताब्यात घेतात. ब्लॅकमूरमध्ये तोड दुसऱ्या खेळाडूच्या रूपाने आली. माइक कारने गावच्या धर्मगुरूचं पात्र घेतलं, बिशप कार. त्या काळच्या भयपटांतल्या व्हॅम्पायर-शिकाऱ्यासारखा क्रूस पुढे धरून मुडद्यांना मागे हटवणारा. फँगचं काहीही कमी केलं नाही, त्याच्यासमोर तोलाचा माणूस उभा केला. दोघांनाही खेळायला जास्त मिळालं.

पंचाने एका खेळाडूचं अवजार काढून घेतलं की टेबलावरचे सगळेच सावध होतात. 'आपण फार पुढे गेलो तर आपलंही काढून घेतील' हा हिशोब सुरू होतो आणि पुढच्या वेळी कुणी खोटं ओळखपत्र घरून बनवून आणत नाही. दुसऱ्याच्या हाती नवं अवजार दिलं की उलटं घडतं. म्हणून किल्ला पडण्याच्या प्रसंगाइतकंच मी या प्रसंगाला महत्त्व देतो. 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारचा पहिला खेळ छापून आला तेव्हा त्यात पात्रांचे तीनच वर्ग होते: योद्धा, जादूगार आणि क्लेरिक म्हणजे धर्मगुरू. तो तिसरा वर्ग एका टेबलावरच्या एका भांडणातून आलेला आहे.

हद्दपारीचा निवाडा

आता मूळ पेचाकडे. किल्ला पडू देणं कठोर वाटतं. खेळाडू भुयारात गेले तो त्यांचा हक्कच होता, मग शिक्षा कसली? मला ती शिक्षा वाटत नाही, आणि यामागे ब्लॅकमूरची बांधणी आहे.

तिथे दुष्टांची बाजूही काही प्रमाणात खेळाडूंच्याच हाती होती. फँग हे त्यातलं ठळक उदाहरण. शत्रूच्या हालचाली म्हणजे कुणीतरी माणूस रात्री विचार करून ठरवत असलेल्या चाली होत्या. अर्नेसनने त्याआधी पत्राने चालणारी नेपोलियनकालीन मोहीम चालवली होती. टेबलावर कुणी बसलेलं नसतानाही हुकूम सुटतात, फौजा हलतात, धान्य संपतं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलं होतं. आणि बातम्या पोचायच्या. 'ब्लॅकमूर गॅझेट अँड रूमरमाँगर' नावाचं खेळातल्या जगाचं बातमीपत्र गटाच्या पत्रिकेतून निघायचं, त्यात खऱ्या-खोट्या वार्ता असायच्या. खेळाडूंना जगाची खबर मिळण्याचा रस्ता उघडा होता. तरी त्यांनी भुयार निवडलं.

अशा वेळी किल्ला वाचवला असता तर त्यांच्या निवडीला किंमतच उरली नसती. खाली जा किंवा वर थांबा, शेवट तोच, हे एकदा कळलं की खेळाडू वाट ठरवायचं सोडून पंचाच्या मनात काय आहे ते ओळखायला बसतात. पराभव खरा ठरला म्हणून आधीचे सगळे विजयही खरे ठरले.

दुसरी गोष्ट, हद्दपारी म्हणजे नवा मुलूख. लॉख ग्लूमेनला नवे शेजारी, नवी भुयारं, नव्या अडचणी. हरलेल्या खेळाडूच्या हाती लगेच काहीतरी करण्याजोगं दिलं, हे या निवाड्याचं खरं कसब. आणि जुनी जागाही गोठून राहिली नाही. पुढे एल्फांनी, म्हणजे दंतकथांमधल्या वनवासी जमातीने, किल्ल्याचा ताबा घेतला तेव्हा भुयाराच्या तोंडाशी त्यांनी फिरतं फाटक आणि पवित्र पाण्याचे पाइप बसवले. व्हॅम्पायरांचा त्रास सोसलेल्या जागेचे नवे मालक दुसरं काय करतील? आयत्या वेळी सुचलेली गोष्ट चांगली कधी वाटते, तर ती आधी घडलेल्यातून निघते तेव्हा. ते फाटक मजेशीर आहे आणि पूर्ण तर्कशुद्धही आहे.

काय खटकतं

अर्नेसनचे नियम बरेचसे त्याच्या डोक्यात असायचे आणि बदलत राहायचे. मित्रांच्या गटात ते खपून गेलं, कारण त्याच्या निवाड्यावर त्यांचा भरवसा बसला होता. अनोळखी लोकांच्या टेबलावर हे तसंच्या तसं उचललं तर दुसऱ्याच खेपेला कुणीतरी विचारेल, गेल्या वेळी याला फासा टाकायला दिला होता, मला का नाही? तिथे निवाडा मोठ्याने सांगून वहीत लिहावा आणि पुढच्या वेळी तोच लावावा, असं माझं ठाम मत आहे. सुचेल तसं चालवणाऱ्याला वहीची गरज जास्त असते. कथानक लिहून ठेवलेल्याचं एकवेळ वहीवाचून चालेल.

1972 च्या अखेरीस अर्नेसन आणि त्याच्या गटातला डेव्हिड मेगरी विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाला गेले आणि अर्नेसनने तिथल्या गॅरी गायगॅक्स या युद्धखेळांचे नियम लिहिणाऱ्या माणसाला ब्लॅकमूर खेळायला दिलं. गायगॅक्स भारावला, त्याने नियम मागवले, तेव्हा अर्नेसनकडून आली ती हाती लिहिलेली विस्कळीत पानं. छापण्याजोगं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' गायगॅक्सने त्यातून घडवलं.

आज चालवायचं तर

मी स्वतः मराठीतून टेबल चालवतो आणि ब्लॅकमूरची बांधणी आपल्याकडे किती सहज बसते ते बघून हरखतो. घाटमाथ्यावरचं एक गाव घ्या. नगराध्यक्षाच्या जागी पाटील, सावकार आहे तसाच, विद्यापीठाच्या प्रमुखाच्या जागी मठाचा महंत. तिघांना काय हवं आणि कशाची भीती वाटते, एवढं लिहा. पाटलाला घाटातल्या जकातीचा वाटा हवा, सावकाराच्या तळघरात कुणाला कळू नये असं गहाण पडलंय, महंताला धाकटा शिष्य डोईजड झालाय. मग प्रत्येकापुढे एक ओळ: मध्ये कुणी पडलं नाही तर येत्या अमावास्येपर्यंत काय होईल? ही ओळ म्हणजे ब्लॅकमूरच्या सीमेवरचा शत्रू. खेळाडू दुसरीकडे गेले तर ती घडते आणि त्याची कुजबूज त्यांच्या कानावर जाते. बाजारात, पाणवठ्यावर, जिथे ते असतील तिथे. घडण्याआधी कुजबूज कानावर गेलेली असलीच पाहिजे, यात तडजोड नाही. खबर न देता पाडलेला किल्ला ही फसवणूक होते.

आणि बैठक मोडण्याआधी विचारायचं, पुढच्या वेळी कुठे जाणार? बेन रॉबिन्स या गेम मास्टरने आपल्या 'वेस्ट मार्चेस' मोहिमेत हे आणखी पुढे नेलं. कधी खेळायचं, कोण येणार आणि कुठे जायचं, हे सगळं खेळाडूच ठरवून त्याला कळवायचे. पंचाला काय तयार करावं हे आधी कळतं आणि दिशा मात्र खेळाडूंच्याच हातात राहते. आयत्या वेळी रचण्याचं ओझं त्याने निम्म्याने हलकं होतं.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 1974 च्या त्या पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती निघाल्या. तिच्या पुस्तिकांमध्ये भुयार कसं आखायचं, त्यात काय पेरायचं हे नीट सांगितलं आहे, म्हणून जगभर लोकांनी भुयारं आखली. वर गावात कोण काय डाव टाकतंय आणि किल्ला केव्हा पडू द्यायचा, हे त्यांत जवळजवळ आलं नाही. ते बघायचं असेल तर अर्नेसनचं 1977 चं 'द फर्स्ट फँटसी कॅम्पेन' उघडावं लागतं. पानं विस्कळीत आहेत, मध्येच सैन्याच्या किमती येतात, मध्येच एखाद्या वीराचा इतिहास. पण लॉख ग्लूमेनच्या हद्दपारीची नोंद तिथे आहे, आणि तिच्या आसपास कोण कुठल्या बाजूने खेळत होतं तेही आहे.